कोरी काच

पेढे वाटून झाले, विद्यापीठाच्या संशोधन समितीनं (आरआरसी) तुझ्या पीएचडीच्या विषयावर शिक्का मारला, आता येणारा-जाणारा तुला विचारील, "थिन फिल्म म्हणजे काय गं?" त्यांना काय सांगायचं ते तू बघ. मी बीडच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलेली तुझी आत्या आहे, तेव्हा मी दुसरंच विचारणार. पाणी कुठलं वापरणार आहेस?

हसू नकोस. फिल्म, म्हणजे काचेवर चढवलेला तो अतिपातळ थर, काचेवरून सुटली, ठिपके पडले, दोन स्लाइड एकसारख्या आल्या नाहीत, की पोरं रसायनाच्या बाटलीला दोष देतात. पाण्याकडं कुणी बघत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार तुला नव्यानं सांगायला नकोत, घरच्या गिझरची कॉइल कशी पांढरी होऊन निघते ते तू बघितलंयस. कॉलेजच्या डिस्टिलेशनच्या संचात तेच पाणी जातं. तळाला खरपुडी धरली आणि उकळी जोरात आली की बारीक तुषार वाफेबरोबर उडून पलीकडं जातात, आणि तुझं डिस्टिल्ड पाणी नावापुरतं डिस्टिल्ड राहतं. बॅटरीच्या दुकानातला कॅन तर आणूच नकोस. त्यात काय आहे याची जबाबदारी कुणी घेत नाही.

पाणी तपासायला मोठं यंत्र लागत नाही. स्वच्छ स्लाइडवर एक थेंब टाक, हॉट प्लेटवर हळू सुकव, मग स्लाइड तिरकी करून उजेडात धर. पांढरं कडं उमटलं तर ते पाणी भांडी विसळायला. परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाक. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर आकडा रोज वहीत चढव. संच अधूनमधून विरळ आम्लानं धुऊन घे, पहिलं येणारं पाणी फेक, जमलं तर दोनदा डिस्टिल कर. उन्हाळ्यात कॉलेजला टँकर लागतो. टँकर बदलला की चाचणी पुन्हा.

आता काच. तुझ्या हाती येणार ती मायक्रोस्कोपची साधी स्लाइड, ७५ मिलिमीटर लांब आणि २५ रुंद. पाकिटावर ती आधीच धुतलेली आहे असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नकोस. प्रयोगशाळेचा साबण, भरपूर पाणी, विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल, पुन्हा पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढ्यानं भागतं. जुन्या वह्यांत क्रोमिक आम्लात काच उकळायची कृती सापडेल. त्यातलं क्रोमियम कर्करोग करणाऱ्यांपैकी आहे, साबणानं काम होत असताना त्या वाटेला जायचं कारण नाही. काच खरंच स्वच्छ निघाली का, हे कळायला ती पाण्यातून उभी वर काढ. पाण्याचा पडदा सलग राहून हळूहळू उतरला तर काच स्वच्छ. मधेच फाटला, थेंब थेंब झाले, तर तिथं तेलकटपणा आहे.

तो कुठून येतो माहितीये? सकाळी वेणी घालताना बोटांना लागलेल्या खोबरेल तेलातून. पोरांच्या बाबतीत कपाळाच्या घामातून. आंघोळीनं आणि हँडवॉशनं तो पुरता जात नाही. हातमोजा घाल, स्लाइड कडेनं, चिमट्यात धर आणि धुतल्या दिवशीच वापर. बांगड्या काढून ठेव, ओल्या फिल्मला बांगडी टेकली की ओरखडा पडतोच. सिंथेटिक ओढणी हॉट प्लेटजवळ नको, सुती एप्रन घाल. नंबर मागच्या बाजूला, कोपऱ्यात, डायमंड पेन्सिलीनं कोर. मार्करची शाई भट्टीत उडून जाते आणि मग कुठली स्लाइड कुठली हे देवालाही सांगता येत नाही.

एवढं झालं की खरा कानमंत्र ऐक. दर खेपेला एक स्लाइड कोरी ठेव. फिल्म न घातलेली, पण बाकी सगळं भोगलेली. तुझ्या फिल्मच्या स्लाइड धुतल्यास तर ती पण धू, भट्टीत घातल्यास तर ती पण घाल, त्याच डबीत ठेव, त्याच यंत्राखाली धर. लोकांना ती स्लाइड वाया गेल्यासारखी वाटते. मोजमापाचे पैसे नमुन्यागणिक असतात, त्यामुळं गाइडही कुरकुर करतील. तरी ठेव. तुझी फिल्म शंभर-दोनशे नॅनोमीटरची आणि खालची काच एक मिलिमीटरहून जाड. यंत्राला विचारलंस तर ते आधी काचेबद्दलच बोलणार. फिल्म काय बोलली हे कळायला काच काय बोलते ते आधी माहीत पाहिजे.

तू कॅडमियम सल्फाइडपासून सुरुवात करणार असं म्हणालीस. ठीक आहे, हात बसवायला ते चांगलं आहे, पिवळा रंग डोळ्यांना दिसतो. कॅडमियम ॲसिटेटच्या नितळ द्रावणात अमोनिया थेंब थेंब सोड. आधी सगळं दुधासारखं पांढरं होईल, ते कॅडमियम हायड्रॉक्साइड. घाबरू नकोस, सोडत राहा. अमोनिया पुरेसा झाला की ते पुन्हा नितळ होतं, कारण कॅडमियमचा आयन आता अमोनियानं धरून ठेवलेला असतो आणि जरा जरानंच सुटतो. मग थायोयुरिया घालायचा, त्यात स्लाइड सोडायची आणि हे द्रावण, म्हणजे आपला बाथ, ७० अंशांच्या आसपास न्यायचा. ही सगळी कला सुटण्याच्या वेगाची आहे. आयन सावकाश सुटले तर काचेवर एकेक येऊन बसतात आणि घट्ट धरतात. भसाभस सुटले तर द्रावणातच कण बनतात, गोळे होतात, आणि ती भुकटी काचेवर जाऊन पडते. तिला फिल्म म्हणायचं की धूळ, हे बोट फिरवल्यावर कळतं.

गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीवरची नजर हलवत नाही, पाक उतरवायची वेळ घड्याळाला नाही, त्याच्या डोळ्यांना कळते. बाथचं तसंच आहे. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. मग द्रावणाला हिरवट-पिवळी झाक येते, मग ते गच्च पिवळं होतं, पलीकडची अक्षरं दिसेनाशी होतात. त्यानंतर काच आत ठेवून जाडी फारशी वाढत नाही, वर साका मात्र बसतो. म्हणून पहिल्या दिवशी एकाच बाथमध्ये पाच-सहा स्लाइड लाव आणि ठरावीक मिनिटांनी एकेक काढ. वेळ आणि जाडीचा आलेख हातात आला की बाथ कधी दमतो ते कळेल. स्लाइड बीकरच्या भिंतीला तिरकी टेकव आणि फिल्म म्हणून खालच्या अंगाचीच वापर, वरच्या अंगावर गाळ बसतो. काढल्यावर लगेच पाण्यात विसळ. कापसाच्या बोळ्यानं हलकं पुसून जी राहते, तीच खरी.

अमोनियाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडं ४२ अंशांच्या दुपारी बाटलीत दाब धरतो. बूच फटकन उघडलंस तर वाफारा सरळ डोळ्यांत. आधी बाटली थंड पाण्यात ठेव, फ्यूम हूडखाली उघड, तोंड आपल्यापासून लांब धर. आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिही. महिनाभर उघड-झाक झालेल्या बाटलीतला अमोनिया लेबलवर लिहिल्याएवढा राहत नाही, तेच माप घातलंस तरी बाथ वेगळा होतो. "मागच्या महिन्यात फिल्म चांगली येत होती, आता येईना," हे रडगाणं बहुतेक वेळा इथंच सापडतं. पीएच मीटरवरही फार विश्वास टाकू नकोस. तो ४, ७ आणि ९.२ च्या बफरनं लावलेला असतो, आणि तुझा बाथ ११ च्या घरात. म्हणजे पट्टी जिथं संपते त्याच्या पुढचं तू मोजायला निघालीस. १० किंवा १२ चं बफर मागवून घे. पीएच कुठल्या तापमानाला बघितला तेही लिही, गरम बाथचा आकडा आणि गार बाथचा आकडा एक येत नाही.

वीज जाणारच. बाथ अर्ध्यावर असताना गेली तर ती वेळ लिहून ठेव, स्लाइड वेगळ्या डबीत टाक, आणि आकडे चांगले आले तरी त्या आलेखात बसवू नकोस. फिल्म तापवायच्या भट्टीचं आणखी वेगळं. साधी स्लाइड सोडा-चुन्याच्या काचेची, ५०० अंशांच्या पुढं ती वाकायला लागते, आणि त्याआधीच तिच्यातलं सोडियम वर फिल्ममध्ये शिरायला लागतं. ४०० ला तापवून भट्टी बंद कर, दार उघडू नकोस, रात्रभर आपोआप निवू दे. दुपारी तापवून संध्याकाळच्या बससाठी गडबडीत काढलेली स्लाइड तडकते, किंवा तडकत नाही आणि फिल्मला बारीक भेगा पडतात, ज्या तुला तीन महिन्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या (एसईएम) फोटोत दिसतील. भट्टी अशी रात्रभर निवत ठेवायची तर लॅबच्या मामांशी नीट राहा. गाइड तुझ्या प्रबंधावर सही करतील, पण रविवारी कुलूप मामाच उघडतील. चहा पाज आणि भट्टीच्या दारावर तापमान, वेळ आणि तुझा फोन नंबर लिहिलेला कागद लाव.

जाडीचं गणित मी तुझ्यासमोर करून दाखवते, कारण इथंच पोरं उडी मारतात. फिल्मसकट स्लाइडचं वजन, वजा आधीचं वजन. समजा फरक ०.५ मिलिग्रॅम आला आणि फिल्म १० चौरस सेंटिमीटरवर आहे. कॅडमियम सल्फाइडची घनता घन सेंटिमीटरला ४.८२ ग्रॅम. भागाकार केलास की जाडी येते सुमारे १०४ नॅनोमीटर. वा! आता वजनकाट्याकडं बघ. चार दशांश स्थळांचा काटा ०.१ मिलिग्रॅमच्या खाली काही सांगू शकत नाही, आणि ०.१ मिलिग्रॅम म्हणजे तुझ्या फिल्मचे २० नॅनोमीटर. तेव्हा १०४ मधले २० इकडं की तिकडं हे काट्यालाही माहीत नाही. तरी '१०३.७३ नॅनोमीटर' असं छापणारे महाभाग मी व्हायवात बसून बघितलेत. शिवाय फिल्म स्लाइडच्या दोन्ही अंगांना बसते. मागची विरळ आम्लाच्या बोळ्यानं पुसून मगच वजन कर, नाहीतर जाडी दुप्पट निघते. आणि प्रत्येक वजनाआधी-नंतर कोऱ्या स्लाइडचं वजन. पावसाळी हवेत तिचंही वजन सरकलेलं दिसेल, तेवढं वजा कर. फिल्म सच्छिद्र असते, त्यामुळं खरी जाडी तुझ्या आकड्याहून थोडी जास्तच असणार. हे एक वाक्य प्रबंधात लिहिलंस तर परीक्षक दुसरा प्रश्न विचारतील.

स्फटिकाची रचना दाखवणारं क्ष-किरणांचं यंत्र, एक्सआरडी, आपल्याकडं नाही म्हणून रडायचं नाही. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात जा, कोल्हापूरला जा, पवईला आयआयटीच्या सैफ या यंत्र-केंद्रात नमुने पाठव. २०२० ला सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली कुठली यंत्रं बाहेरच्यांना खुली आहेत ते दिसतं. इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रात नीट प्रस्ताव लिहून गेलीस तर विद्यापीठातल्या संशोधकांना मोठी यंत्रं मिळतात. नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस. खाचांची स्लाइडची डबी घे, सिलिका जेलची पुडी टाक, ती निळी आहे की गुलाबी झाली बघून घे. डायमंड कटरनं स्लाइड अर्धी कर, एक अर्धी पाठव, एक स्वतःजवळ ठेव. परत काय मागायचं? चित्र नको, आकड्यांची मूळ फाइल. चित्रात नंतर काहीच तपासता येत नाही.

एक्सआरडीचा आलेख आला की आधी कोऱ्या काचेचा आलेख त्याच्यावर ठेवून बघ. २० ते ३० अंशांच्या दरम्यान एक बुटकी, पसरट टेकडी दिसेल. ती काचेची. कॅडमियम सल्फाइडचा मुख्य सुळका साडेसव्वीस अंशांजवळ, म्हणजे त्याच टेकडीच्या खांद्यावर. आणि घोळ इथं आहे. घनाकृती रचनेची १११ ची रेषा आणि षट्कोनी रचनेची ००२ ची रेषा, दोन्ही तिथंच पडतात. एका सुळक्यावर "आमची फिल्म षट्कोनी आहे" असं लिहिणाऱ्यांनी दुसरे पुरावे दाखवायला हवेत. २४.८ आणि २८.२ ला काही आहे का, ते बघ. असेल तर षट्कोनी म्हण. नसेल तर "एका सुळक्यावरून सांगता येत नाही" असं लिही. त्यात कमीपणा नाही.

मग सुळक्याच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायचं शेररचं सूत्र. १९१८ चं आहे, अजून सगळे वापरतात आणि अजून सगळे तीच चूक करतात. सुळक्याची रुंदी अंशांत नाही, रेडियनमध्ये घालायची. रुंदी ०.४ अंश असेल तर स्फटिकाचा आकार येतो २० नॅनोमीटरच्या जरा वर. ०.४ तसाच घातलास तर ०.३६ नॅनोमीटर, म्हणजे कॅडमियम सल्फाइडच्या एका एकक-कोठडीपेक्षाही लहान. आकडा आला की तो शक्य कोटीतला आहे का, हे बोटांवर तपासायची सवय लाव. बँड गॅपचंही असंच. २.४२ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे ५१२ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड शोषायला सुरुवात, आणि पिवळ्या दिसणाऱ्या फिल्मला ते शोभतं. बँड गॅप काढायच्या टाउकच्या आलेखावर सरळ रेषा जरा इकडं-तिकडं धरली तर दुसरा दशांशच हलतो, तेव्हा चौथा लिहून कुणाला फसवायचंय? यूव्हीच्या यंत्रात संदर्भाच्या खाचेत कोरी स्लाइड घालायची, मोकळी हवा नाही.

सगळ्यात मोठी गंमत एसईएमला जोडलेल्या, मूलद्रव्यांचं प्रमाण सांगणाऱ्या ईडीएसची. झिंक ऑक्साइडच्या फिल्ममध्ये किती ऑक्सिजन आहे, याचे टक्के यंत्र छापून देतं. पण इलेक्ट्रॉनचा झोत पातळ फिल्म भेदून काचेत उतरतो आणि काचेत ऑक्सिजन ठासून भरलेला आहे. त्याच कागदावर सिलिकॉन, सोडियम, कॅल्शियम दिसत असताना "ऑक्सिजनचं प्रमाण बरोबर आलं" म्हणणारा धन्यच. ते काचेचं प्रमाण आहे, बाई.

तुझा पुढचा भाग गॅस सेन्सरचा आहे ना? त्या कामाला जुना इतिहास आहे. १९६२ साली जपानमध्ये तेत्सुरो सेयामा यांनी तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मनंच वायू ओळखून दाखवला, आणि त्याच दशकात नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा सेन्सर बाजारापर्यंत नेला. गाभा सोपा आहे. फिल्मच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडून बसलेला असतो, वायू येऊन त्या ऑक्सिजनशी भिडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध उतरतो. पण खोलीच्या तापमानाला फिल्म पाण्याच्या वाफेलाही तितक्याच हौसेनं उत्तर देते. काचेच्या पेटीत अमोनियाच्या द्रावणाचा थेंब सोडून रोध उतरला, तर तो अमोनियानं की थेंबातल्या पाण्यानं? तेवढाच साध्या पाण्याचा थेंब सोडून बघ. हीच तिथली कोरी काच. आणि हवेतली आर्द्रता दर वेळी लिही. बीडचा मे आणि बीडचा जुलै ही सेन्सरच्या दृष्टीनं दोन वेगळी गावं आहेत.

सुपरकपॅसिटरच्या नादाला लागशील तर तिथंही हेच. फिल्म स्टीलच्या पट्टीवर बसवतात, निकेलच्या फोमवर बसवतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नुसता निकेल फोमसुद्धा चार्ज साठवल्याचं सोंग करतो. नुसत्या पट्टीचा आलेख आधी काढ. फिल्मचं वजन एक मिलिग्रॅमच्याही आत असताना दर ग्रॅमला अमुक फॅरड, म्हणून डोंगराएवढे आकडे छापतात. भागायला इतकं लहान वजन घेतलं की कुठलाही आकडा फुगतो. मी तरी असा पेपर वाचताना आधी वजन कुठं लिहिलंय ते शोधते, आणि नाही सापडलं की मिटवून ठेवते.

ही बीकर-बादलीची पद्धत आपल्याकडं रुजली कशी, तेही माहीत असू दे. निर्वात पंपाचे संच महाग, त्यांची देखभाल त्याहून महाग. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे, पी. एस. पाटील यांच्यासारख्यांनी रासायनिक बाथ, स्प्रे आणि एकाआड एक बुडवायची सिलार पद्धत यांवर वर्षानुवर्षं काम उभं केलं, आणि त्यांच्या हाताखालची पोरं मराठवाड्यातल्या कॉलेजांतही पसरली. स्प्रेवरचा पाटील यांचा १९९९ चा लेख, बाथवरचा माने-लोखंडे यांचा २००० चा लेख, सिलारवरचा पठाण-लोखंडे यांचा २००४ चा. हे तीन सावकाश वाच. तिसरा 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये आहे, इंडियन ॲकॅडमीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सिलार १९८५ साली निकोलाऊ यांनी मांडली. चार बीकर, एकात धन आयन, एकात ऋण, आणि मधे दोन धुण्याचे. लोकांचं सगळं लक्ष आयनांच्या बीकरकडं असतं, फिल्म बिघडते ती धुण्याच्या बीकरात. ते पाणी वेळेवर बदल. या पद्धतींना पेपरांत 'सोपी आणि स्वस्त' म्हणायची रीत पडलीय. स्वस्त आहेच. सोपी मात्र तेव्हाच म्हण, जेव्हा परळीतली दुसरी पोरगी तुझी वही वाचून तीच फिल्म काढील.

काही वेगळं करायचं असेल तर शेताकडं बघ. गावोगाव सौर पंपांची पॅनल लागलीत. त्यांच्यावरची निळसर झाक ही थिन फिल्मच आहे. सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटरचा थर, उजेड परत उडून जाऊ नये म्हणून दिलेला. त्या थराच्याही वर काच असते, आणि आपले लोक ती काच बोअरच्या पाण्यानं धुतात. पाणी सुकतं, क्षार बसतात, पुढच्या वेळी घासल्याशिवाय निघत नाहीत. या पाण्याचा डाग न धरणारा सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा टिकाऊ थर देता येतो का? जगात यावर भरपूर काम झालंय, पण केजच्या बोअरचं पाणी, आपली धूळ आणि वर्षभराचं ऊन घेऊन बघितलं तर तो प्रश्न तुझा होईल. शोधगंगेवर जाऊन बघ, 'रासायनिक पद्धतीनं बनवलेल्या कॅडमियम सल्फाइडचा अभ्यास' या धर्तीचे प्रबंध किती पडलेत. त्यात भर पडली नाही तर कुणाचं काय अडणार आहे?

आता एक गोष्ट मी दटावून सांगते. उरलेला बाथ बेसिनमध्ये ओतायचा नाही. कॅडमियम शरीरात गेलं की वर्षानुवर्षं मूत्रपिंडात बसून राहतं. आपली गटारं बिंदुसरेला मिळतात, बिंदुसरा सिंदफणेला, सिंदफणेवर माजलगावचं धरण, आणि त्या धरणाचं पाणी बीडच्या नळाला. एका बीकरनं काय होतंय, असं प्रत्येक जण म्हणतो. झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन ठेव, वर 'कॅडमियमचा कचरा', तारीख आणि विभागाचं नाव लिही, आत साका बसू दे, आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडं कॉलेजमार्फत जाऊ दे. प्राचार्यांना अर्ज लेखी दे, पोच घे. थायोयुरियाही निरुपद्रवी नाही. नायट्राइलचे हातमोजे, लॅबमध्ये खाणंपिणं बंद, डबा बाहेरच्या कट्ट्यावर. दिवस गेले असतील तर कॅडमियमच्या कामाला हात लावायचा नाही. हे पुरुष गाइडला सांगायला तुला संकोच वाटेल, तेव्हा मला फोन कर, मी बोलते.

तोच धागा धरून नियम सांगते, कारण मुलींना ते कुणी सांगत नाही. यूजीसीची ७ नोव्हेंबर २०२२ ची नियमावली डाउनलोड करून ठेव. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी करून दोन वाढतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोनांची सवलत आहे. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे, ही सक्तीही त्या नियमावलीत उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम असला तर तो वेगळा, तो लेखी मागून घे. तेव्हा पैसे भरा आणि चार दिवसांत छापून घ्या, अशा मेलना उत्तर द्यायचं नाही. फेलोशिप सारथीची असो, बार्टीची असो की महाज्योतीची, प्रत्येक पावतीची झेरॉक्स काढून ठेव. थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते.

वही मात्र बांधीव घे, पानं सुटी नकोत. पेन्सिल नको, पेन. न जमलेल्या स्लाइडही लिही, कशा न जमल्या ते लिही. आणि सिनॉप्सिसची प्रत मला पाठव. शीर्षकात 'नॅनो' किती ठिकाणी घुसलंय ते मी आधी मोजणार आहे.